किड्यांचें औषध आणि आमचा डबा

गेल्या दोन अंकांत हें सदर वाचकांच्या भेटीस येऊं शकलें नाहीं, याबद्दल प्रथम क्षमा मागणें आम्हांस प्राप्त आहे. कित्येक वाचकांनीं प्रकृतीची चौकशी करणारीं पत्रें पाठविलीं. एका जुन्या विद्यार्थ्यानें तर 'मास्तर, गैरहजेरीचें कारण पालकांच्या सहीनिशीं लिहून आणावें' असें विनोदानें लिहिलें आहे. आमचे पालक आतां हयात नाहींत. तेव्हां कारण आम्हीच लिहितों, आणि त्या कारणाच्या पाठोपाठ जी एक शास्त्रीय गोष्ट आम्हांस उतारवयांत नव्यानें समजली, तीच या महिन्याचा विषय म्हणून वाचकांपुढें ठेवितों.

श्रावणांतील एका सकाळीं परसांत प्राजक्ताचीं फुलें वेंचीत असतां आमच्या उजव्या पायाच्या करंगळीस गंजलेल्या पत्र्याची कड लागली. बारा वर्षांच्या मधुमेहानें पाय बधिर झालेले. रक्त दिसलें तेव्हां जखम कळली. हळद दाबून आम्ही पूजेस बसलों. तिसऱ्या दिवशीं बोट लाल होऊन सुजलें. आमच्या फडताळांत बिस्किटांचा एक जुना डबा आहे. घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें. कोणीहि आजारी पडून बरें झालें, आणि कांहीं गोळ्या उरल्या, कीं त्या या डब्यांत जमा होतात. त्यांत बंधूंच्या दाढदुखीच्या वेळच्या सहा कॅप्सूल सांपडल्या. त्या आम्हीं तीन दिवस घेतल्या, लाली ओसरल्यासारखी वाटली, आणि स्वतःच्या वैद्यकीबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. दहाव्या दिवशीं बोट काळवंडलें, ज्वर चढला, आणि रात्रीं गाडी करून रुग्णालय गांठावें लागलें.

येथें एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. आमच्या धाकट्या बंधूंची सून एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत सूक्ष्मजीवशास्त्राचें काम करते. डबा उघडण्यापूर्वीं तिला एक शब्द विचारणें अगदीं सोपें होतें. परंतु चाळीस वर्षें दुसऱ्यास शिकविण्याची ज्यास सवय जडली, त्यास घरच्या सुनेस विचारण्याचा संकोच वाटतो. या संकोचाची किंमत पुढें मोजावी लागली.

जखमेंतील पू तपासून अहवाल आला. एका रकान्यांत औषधांचीं नांवें व दुसऱ्यांत प्रत्येकापुढें 'एस' किंवा 'आर' हें एकच अक्षर. आम्हांस तो तक्ता थेट वार्षिक परीक्षेच्या निकालासारखा दिसला. अठरा नांवें होतीं, आणि त्यांपैकीं तेरांपुढें 'आर'. आम्हीं म्हटलें, "या वर्गांत नापासांची संख्या फार दिसते."

सून म्हणाली, "मामंजी, नापास झालीं तीं औषधें. हें निकालपत्र जंतूंचें आहे, आणि ते तेरा विषयांत उत्तीर्ण झाले आहेत."

उरलेल्या पांचांपैकीं एक औषध शिरेंतून देऊन डॉक्टरांनीं पाय वांचविला. करंगळी मात्र काढावी लागली. डॉक्टरांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, आमच्या सहा कॅप्सूलांनींच हे जंतु असे चिवट झाले असें म्हणतां येणार नाहीं; असे जंतु आतां सर्वत्र फिरत असतात. परंतु भलत्याच औषधाच्या भरंवशावर आम्हीं जे दिवस घालविले, त्या दिवसांत बोट गेलें.

घरीं परतल्यावर आमची खाट मागील खिडकीपाशीं घातली होती. तेथून परसांतील खतखड्डा दिसतो. एके दिवशीं दयाळ पक्ष्यानें खतांतील एक पांढरी, गलेलठ्ठ अळी चोंचींत धरली. ती कशी कोण जाणे निसटली, आणि अंगावर जखम घेऊन पुन्हां त्याच शेणांत शिरली. आम्ही धुतलेल्या चादरीवर, पांढऱ्या पट्टींत, औषधांच्या पहाऱ्यांत पडून होतों, आणि ती अळी उघड्या जखमेनिशीं शेणांत! तिला कोण औषध देत असेल? ती सडून कां जात नाहीं? या वेळीं आम्हीं संकोच केला नाहीं. सायंकाळीं सून घरीं येतांच तिला विचारलें. तिला हसूं आलें. ती म्हणाली, "मामंजी, हाच प्रश्न घेऊन एका शास्त्रज्ञानें आपलें आयुष्य घालविलें." पुढें जें लिहितों तें तिनें आठ-दहा संध्याकाळीं वाचून दाखविलेल्या व समजाविलेल्या गोष्टींचें सार आहे. शिक्षिका ती होती, आम्ही विद्यार्थी.

मनुष्याच्या शरीराची रोगाशीं लढण्याची एक रीत बहुतेकांस ठाऊक आहे. गोवर एकदां येऊन गेला म्हणजे शरीर त्याची ओळख ठेवितें, आणि तो पुन्हां आला तर त्याच्याचसाठीं घडविलेलीं प्रतिपिंडें त्याच्यावर सोडतें. देवीची लस किंवा पोलिओची लस याच तत्त्वावर चालली. कीटकाजवळ हीं प्रतिपिंडें मुळींच नसतात. तरीहि कीटक या पृथ्वीवर सुमारें चाळीस कोटी वर्षें नांदत आहेत. उकिरड्यांत, चिखलांत, मेलेल्या जनावरांत वाढत आहेत. तेव्हां त्यांच्यापाशीं कांहीं वेगळें शस्त्र असलें पाहिजे, हें उघड होतें.

तें शस्त्र हातीं लागलें स्वीडनमध्यें. हान्स बोमान हे त्या शास्त्रज्ञांचें नांव. १९७२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, पिकल्या केळ्यांवर घोंघावणारें जें क्षुद्र चिलट, ज्यास फळमाशी म्हणतात, तिला आधीं थोडे निरुपद्रवी जंतु टोंचले, तर मागाहून टोंचलेल्या जंतूंचा ती नाश करूं शकते. परंतु चिलटाच्या अंगांत रक्त तें किती असणार? त्यांतून एखादें द्रव्य वेगळें काढण्यास मोठा प्राणी हवा होता. बोमान यांनीं उत्तर अमेरिकेंतील सर्वांत मोठा पतंग निवडला. त्याचें नांव सेक्रोपिया. पंख पसरले असतां तो टीचभर भरतो.

या निवडीमध्यें मोठी चतुराई होती. सेक्रोपियाचा सुरवंट कोश विणून हिंवाळाभर त्यांत निजून राहतो. त्या निद्रेंत त्याच्या शरीराचे सारे व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. नवें प्रथिन असें फारसें घडत नाहीं. अशा निजलेल्या जीवास जंतु टोंचले, म्हणजे जें कांहीं नवें घडेल तें केवळ त्या जंतूंच्या प्रतिकारासाठींच असणार. शांत घरांत रात्रीं एकच दिवा लागला, तर कोण जागें झालें हें ओळखावयास वेळ लागत नाहीं. तसाच हा प्रकार. झालेंहि तसेंच. टोंचलेल्या कोशांच्या रक्तांत नवीं द्रव्यें दिसूं लागलीं, आणि १९८१ सालीं बोमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील दोहोंची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. पतंगाच्या नांवावरून त्यांस 'सेक्रोपिन' असें नांव मिळालें.

विदर्भांतील वाचकांस हें वाचून कौतुक वाटेल कीं, भंडारा, गडचिरोली या भागांत ऐन व अर्जुनाच्या झाडांवर ज्या किड्यापासून टसरचा कोसा काढतात, तो किडा या सेक्रोपियाच्याच कुळांतला. आपल्या घरांतील सोवळ्याच्या टसराचा आणि या शास्त्राचा संबंध असा दूरच्या भाऊबंदकीचा आहे.

आतां सेक्रोपिन म्हणजे काय? आपल्या शरीरांतील प्रथिनें हीं अमिनो आम्ल नांवाच्या मण्यांच्या लांबच लांब माळा होत. अशीच माळ आखूड असली, म्हणजे तिला पेप्टाइड म्हणतात. सेक्रोपिनांतील पहिलें जें, त्यांत ३७ मणी आहेत. या माळेवर धन विद्युद्भार असतो. जंतूच्या अंगावरील पटल ऋण विद्युद्भाराचें. मनुष्याच्या पेशींचें पटल बाहेरच्या अंगास बहुतांशीं उदासीन, आणि त्यांत कोलेस्टेरॉलचा भरणा. त्यामुळें ही माळ आपल्या पेशी सोडून जंतूकडे ओढली जाते. तेथें पोंचतांच ती मळसूत्रासारखी वळते. तिची एक बाजू पाण्यास धार्जिणी व दुसरी तेलास. जंतूचें पटल तेलकट असल्यानें ही दुसरी बाजू त्यांत शिरते, पटलास भोंकें पडतात, आणि जंतूच्या आंतला ऐवज बाहेर वाहून जातो. मडक्यास तडा गेल्यावर आंतलें पाणी किती वेळ टिकणार?

सर्व कीटकांचें शस्त्र मात्र एकाच धाटणीचें नाहीं. मधमाशीचें उदाहरण घ्यावें. तिच्या विषांत मेलिटिन नांवाचें २६ मण्यांचें पेप्टाइड असतें. तेंहि पटलें फोडतें, पण आपपर पाहत नाहीं; आपल्या रक्तपेशीहि फोडतें. तें औषध म्हणून जसेंच्या तसें देतां यावयाचें नाहीं. त्याच मधमाशीच्या रक्तांत बेल्जियममधील शास्त्रज्ञांस १९८९ सालीं एपिडेसिन नांवाचें १८ मण्यांचें पेप्टाइड सांपडलें. तें भोंक पाडीत नाहीं. निमूटपणें जंतूच्या आंत शिरतें, आणि प्रथिनें घडविण्याच्या त्याच्या कारखान्यांतून तयार माल बाहेर पडावयाचें दारच अडवून धरतें. ढेकणाच्या कुळांतील एका शिकारी किड्यापासून १९९६ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञांनीं थॅनाटिन हें २१ मण्यांचें पेप्टाइड मिळविलें. झुरिच येथील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखविलें कीं, कित्येक जंतूंचें जें बाहेरचें चिलखत असतें, त्याचे तुकडे ज्या पुलावरून बाहेर नेले जातात, तो पूलच थॅनाटिन जुळूं देत नाहीं. आपलीं बहुतेक औषधें ज्या वाटांनीं जातात, त्यांहून ही वाट निराळी. म्हणूनच औषधशाळांचें लक्ष आज तिकडे लागलें आहे.

कीटकास ही जाग येते कशी, याचें उत्तर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें मिळालें. ज्यूल्स हॉफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, फळमाशीमधील 'टोल' नांवाच्या जनुकाचें काम बिघडलें, तर तिला बुरशीविरुद्धचें पेप्टाइड बनवितां येत नाहीं, आणि ती बुरशीनें ग्रासून मरते. गंमत अशी कीं, हें जनुक शास्त्रज्ञांस निराळ्याच कारणानें ठाऊक होतें; अंड्यांतील जीवाचें पोट कोणतें व पाठ कोणती, हें ठरविण्यांत त्याचा हात असतो. पुढें दोनच वर्षांनीं अमेरिकेंत ब्रूस बॉइटलर यांनीं उंदरामध्यें टोलचें भावंड जंतूंची चाहूल घेतें असें सिद्ध केलें, आणि आपल्या शरीरांतहि तींच भावंडें तेंच काम करतात. २०११ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग हॉफमान व बॉइटलर यांस मिळून देण्यांत आला. केळ्यावरचें चिलट हाकलतांना यापुढें आमचा हात क्षणभर अडखळेल!

किड्याजवळ जें आहे तें आपल्याजवळ अजिबात नाहीं, असेंहि नव्हे. आपली त्वचा, आंतडीं व रक्तांतील पांढऱ्या पेशी अशींच पेप्टाइडें बनवितात. त्यांतील एकांत, योगायोगानें, सेक्रोपिनाइतकेच ३७ मणी आहेत. आपल्या अश्रूंत व नाकाच्या स्रावांत जंतूंच्या भिंती विरघळविणारें लायसोझाइम आहे, हें अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२२ सालींच दाखविलें होतें. पेनिसिलिनचा शोध त्यांस पुढें १९२८ सालीं लागला. म्हणजे बाहेरचें औषध सांपडण्यापूर्वीं या गृहस्थास घरचें औषध सांपडलें होतें.

वाचक आतां विचारतील, इतकें सारें समजलें असतां बाजारांत या द्रव्यांचें औषध कां मिळत नाहीं? आम्हींहि हेंच विचारलें. उत्तर असें कीं, किड्याच्या रक्तांत जें सहज साधतें, तें मनुष्याच्या रक्तांत साधत नाहीं. पोटांतून दिलें तर पाचक रस या माळा तोडून टाकतात. रक्तांतून दिलें तरी त्या फार वेळ टिकत नाहींत. मात्रा वाढविली तर मूत्रपिंडांस किंवा रक्तपेशींस इजा होण्याचें भय. आणि माळ एकेक मणी जोडून कृत्रिम रीतीनें बनवावी लागत असल्यानें खर्च जबर. अमेरिकेंतील मायकेल झॅस्लॉफ यांस १९८७ सालीं आफ्रिकेंतील एका बेडकाच्या कातडींत असेंच पेप्टाइड सांपडलें होतें. शस्त्रक्रिया करून गढूळ पाण्यांत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहींत, हें पाहून ते त्या शोधास लागले. त्यावरून मधुमेही मनुष्याच्या पायाच्या जखमेसाठीं पेक्सिगनॅन नांवाचें मलम तयार झालें. हें ऐकून आम्ही खाटेवर उठून बसलों! परंतु १९९९ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं, तें प्रचलित औषधांपेक्षां सरस ठरत नाहीं म्हणून, त्यास मान्यता नाकारली. २०१६ सालच्या नव्या चाचण्यांतहि तें यशस्वी झालें नाहीं. आम्ही पुन्हां आडवे झालों. शास्त्राच्या वाटेवर अशीं पुष्कळ गांवें लागतात कीं, जेथें उतरून कांहीं हातीं लागत नाहीं. तरी वाट तेथूनच जाते.

किड्यापासून मिळालेल्या या पेप्टाइडांपैकीं एकहि अद्याप जंतुनाशक औषध म्हणून रूढ झालेलें नाहीं. मात्र किड्यासच औषध म्हणून लावण्याची एक रीत रूढ आहे, ती अशी. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, विल्यम बेअर या अमेरिकन शस्त्रवैद्यास दोन सैनिक आढळले. मांडीचें हाड मोडलेलें, पोटास जखमा, आणि अशा स्थितींत ते सात दिवस रणांगणावर पडून होते. तरी अंगांत ताप नाहीं! जखमा उघडल्या तों आंत हजारों अळ्या वळवळत होत्या, आणि त्यांखालीं ताजें, गुलाबी मांस भरून येत होतें. पुढें बेअर यांनीं बाल्टिमोर येथें हाडांत पू झालेल्या रोग्यांवर मुद्दाम अळ्या लावून उपचार केले. ती हकीकत १९३१ सालीं प्रसिद्ध झाली. पेनिसिलिन आल्यावर ही पद्धति मागें पडली. औषधें निष्प्रभ होऊं लागल्यावर ती पुन्हां पुढें आली, आणि २००४ सालीं अमेरिकेंत अशा अळ्यांस अधिकृत परवानगी मिळाली. या हिरव्या माशीच्या अळ्या सडलेलें तेवढें मांस विरघळवून खातात. त्यांच्या शरीरांत जंतूंस मारणारें लुसिफेन्सिन नांवाचें पेप्टाइड असतें, हें प्राग येथील शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं सिद्ध केलें. तथापि खऱ्याची बाजू सोडूं नये: इंग्लंडांत २६७ रोग्यांवर झालेल्या व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत अळ्यांनीं जखम लवकर स्वच्छ झाली, परंतु ती लवकर भरून आली असें दिसलें नाहीं, आणि वेदना मात्र अधिक झाल्या. येथें एक इशाराहि दिला पाहिजे. या अळ्या प्रयोगशाळेंत जंतुविरहित करून वाढविलेल्या असतात. घरच्या माशा जखमेवर बसूं देणें हा उपचार नव्हे, आत्मघात होय.

आमच्यासारख्या संस्कृतज्ञास या ठिकाणीं एक मोह पडतो. सुश्रुतसंहितेंत उदराच्या शस्त्रक्रियेंत आंतड्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या डसवाव्या व टांक्यांप्रमाणें त्यांचीं डोकीं तशींच ठेवावीं, असें सांगितलें आहे. तेव्हां 'हें सारें आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें' असें म्हणून लेख संपवावा! पण तसें म्हणणें सुश्रुतास न्याय देणारें नाहीं. त्या महापुरुषानें मुंगीची पकड नीट पाहिली व तिचा उपयोग केला; तिच्या रक्तांतील द्रव्य पाहण्याचें साधन त्यास उपलब्ध नव्हतें, आणि तसा दावाहि त्यानें केला नाहीं. पूर्वजांचें अवलोकन घ्यावें. नुसता त्यांचा अभिमान घेऊन बसूं नये.

आतां या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतों. आम्हीं सुनेस विचारलें, "उद्यां किड्यापासून नवें औषध निघालेंच, तर हे तेरा विषयांत उत्तीर्ण झालेले जंतु हरतील ना?" ती म्हणाली, "मामंजी, ते चौदाव्या विषयाचीहि तयारी करतील." मग तिनें एक प्रयोग सांगितला. या पेप्टाइडांपुढें जंतूंची मात्रा चालणार नाहीं, असा झॅस्लॉफ यांचा समज होता. ग्रॅहॅम बेल नांवाच्या शास्त्रज्ञानें त्यावर शंका घेतली. तेव्हां या मंडळींनीं मिळूनच परीक्षा घेतली: प्रयोगशाळेंत जंतूंच्या सहाशेंहून अधिक पिढ्या पेक्सिगनॅनच्या हळूहळू वाढत्या मात्रेंत वाढविल्या. २००६ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. जवळजवळ सर्व वंशांतील जंतु त्या औषधास निर्ढावले होते. आपलें मत चुकलें हें दाखविणाऱ्या निबंधावर झॅस्लॉफ यांनीं स्वतःचें नांव घातलें, ही गोष्ट आम्हांस शोधाइतकीच मोठी वाटते.

मग प्रश्न असा उरतो कीं, कोट्यवधि वर्षें तींच शस्त्रें वापरून किडा अजून कसा टिकून आहे? याचें पुरतें उत्तर अजून शोधलें जात आहे. पण तो आपलें औषध कसें वापरतो, हें आतां बरेंचसें समजलें आहे. एक तर तो एकच औषध देत नाहीं. जखम होतांच कांहीं तासांतच त्याच्या शरीरांतील मेदाच्या गाठी, ज्या आपल्या यकृताचें काम करतात, त्या अनेक पेप्टाइडें एकदम रक्तांत सोडतात. फळमाशीचीं बहुतेक पेप्टाइडें जनुकें कापून नाहींशीं केलीं तेव्हां काय होतें, हें २०१९ सालीं लोझान येथील शास्त्रज्ञांनीं पाहिलें. कित्येक जंतूंविरुद्ध तीं पेप्टाइडें एकमेकांस हात देऊन लढतात, तर एखाद्या विशिष्ट जंतूविरुद्ध नेमकें एकच पेप्टाइड कामास येतें, असें दिसलें. दुसरें असें कीं, जंतु आल्याची खूण पटल्यावांचून तो हें भांडार उघडीत नाहीं. बुरशी आली तर बुरशीचें, जंतु आले तर जंतूंचें. आणि तिसरें, काम झालें कीं भांडार बंद होतें. उरलेलें औषध डब्यांत घालून शेजारच्या किड्यास तो देत नाहीं!

हें ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें फडताळांतला डबा आला. निदान नाहीं, जंतूची ओळख नाहीं. दाढेचें औषध पायास, नातवाचें आजीस. तीन दिवस घेतलें, बरें वाटलें, सोडलें. किड्याची रीत जर शास्त्र असेल, तर आमच्या रीतीस काय नांव द्यावें? फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपणच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरें घेतो. त्याच्या घशांतील जंतु मरत नाहींत, निर्ढावतात. तेच पुढें त्याच्या पत्नीस बाधतात, आणि पेनिसिलिन देऊनहि ती दगावते. मग तिच्या मृत्यूस जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. ही गोष्ट सुनेनें वाचून दाखविली तेव्हां दाराशीं आमच्या सौ. वाती वळीत बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्हींहि पुढचें पान लवकर उलटावयास सांगितलें.

ही कल्पित गोष्ट आतां कल्पित राहिलेली नाहीं. २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें २०२२ सालीं प्रसिद्ध केला. आमची करंगळी त्या हिशेबांत कोठेंच नाहीं. आणि नाहीं, हें आमचें भाग्य.

आम्ही काठी टेकून हिंडूं लागलों त्या दिवशीं डबा खालीं काढला. सौ. म्हणाल्या, "पैसे मोजून आणलेल्या गोळ्या टाकवत नाहींत." खरें आहे, आमच्या पिढीनें दोऱ्याचा तुकडाहि टाकिला नाहीं. पण काटकसर हा ज्या वस्तूंचा गुण, त्यांत औषध बसत नाहीं. प्रतिजैविकांच्या गोळ्या वेगळ्या काढून आम्हीं सुनेच्या हवालीं केल्या. रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर त्यांची रीतसर वासलात लागली. डब्यांत आतां सुईदोरा आहे.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढेंच विनवितों. औषधाच्या ज्या वेष्टनावर उभी तांबडी रेघ असेल, तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं, असें सरकारनें २०१६ सालापासून लोकांस सांगत आणिलें आहे. ती रेघ मुलांसहि ओळखावयास शिकवावी. साध्या सर्दीपडशावर हीं औषधें चालत नाहींत, कारण सर्दी करणारे विषाणु निराळे; तेथें डॉक्टरांपाशीं त्यांचा हट्ट धरूं नये. दिलेलें औषध सांगितलें तितक्याच मात्रेनें व सांगितले तितकेच दिवस घ्यावें. आपल्या मनानें कमीहि नाहीं, अधिकहि नाहीं. मधुमेह असलेल्यांनीं रोज रात्रीं निजतांना पायांचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्या, स्वतःस दिसत नसतील तर नातवंडांकडून पाहवून घ्याव्या. आणि घरांत कोणी आपल्याहून अधिक जाणणारें असेल, मग तें वयानें कितीहि लहान असो, त्यास विचारण्यास लाजूं नये.

किड्यांपासून नवीं औषधें निघतील कीं नाहीं, हें पुढील पिढी पाहील. निघावीं अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु तीं निघालीं तरी ज्या घरांत असे डबे आहेत, त्या घरांत तीं किती दिवस टिकतील, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा नव्हे. तो आपला आहे.

उजवा पाय अद्याप वहाणेंत नीट बसत नाहीं. पुढील महिन्यापासून सदर नियमित येईल.